खालचं टोक

प्रेमिलाने शामलाच्या उजव्या बरगडीखाली, टाक्यांच्या तिरक्या व्रणाशेजारी, सोनोग्राफी मशीनचा प्रोब दाबून धरला. पडद्यावर पित्ताशयाची जागा रिकामी होती. पित्तनलिका मात्र रुंद दिसत होती. तिने दोन खुणा टेकवून माप घेतलं. नऊ मिलिमीटर.

"पिशवी त सहा महिन्यांपूर्वीच काढली नं, बाई," शामलाचा नवरा चंपतराव स्टुलावरून म्हणाला. "मंग खडा काय हवेत लटकन? धुण्याची बादली दिसली का इच्या पोटात गोळा उठते."

"गप बसा न जी."

"सांगतलं हाये म्या इले. मशीनमध्ये काही निघालं नाही, त हे सोंग समजीन. मंग जाय कन्हानले, बापाच्या घरी."

शामलाने प्रेमिलाचं मनगट धरलं.

"नीट पाहाजा, बाई."

नऊ मिलिमीटरने काहीच ठरत नव्हतं. पित्ताशय काढल्यावर नलिका आपोआपही रुंदावते. खडा असलाच तर खालच्या टोकाशी असणार, आणि ते टोक आतड्यातल्या हवेने झाकलं होतं. 'टोक दिसत नाही' असं लिहिणं चूक नव्हतं. पण चंपतरावाने त्यातलं 'नाही' तेवढंच वाचलं असतं.

तिने शामलाला दोन पेले पाणी पाजलं, उजव्या कुशीवर वळवलं आणि थांबली. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात मशीन येऊन वर्षही झालं नव्हतं. बाहेर गर्दी कुरकुरत होती. वीस मिनिटांनी हवा सरकली. नलिकेच्या टोकाशी पांढरा ठिपका होता आणि त्याच्यामागे काळी सावली. तिने शामलाला उताणं केलं, पुन्हा वळवलं. सावली होती तिथेच राहिली; हवेची असती तर हलली असती.

"आहे!" प्रेमिलाला आवाजातला आनंद लपवता आला नाही. "नलिकेत खडा राहिलाय."

शामला हसत उठून बसली.

"आयकलं का जी? आयकलं?"

चंपतराव स्टुलावरून उठून पडद्याजवळ आला.

"मंग आता?"

"पुन्हा ऑपरेशन. त्यानंतर दोन-तीन महिने जड काम नाही."

त्याने मान हलवली. बोलण्यातली चेष्टा गेली होती.

"म्हंजे दुखनं खरं हाये. मंग त घरी नेताच येत नाही, बाई. कोन करन इचं?" तो नरमाईने म्हणाला. "इचा बाप बाहेर बाकावर हाये. सकाळीच बोलावून घेतला, इची पेटी देऊन ठेवली."

पोटावरची जेली पुसता पुसता शामलाचा हात थांबला. प्रेमिलाकडे पाहून ती अजून हसतच होती.