सूर्यास्त सहा वाजून आठ मिनिटे

आमच्या आनंदसदनात रोज दोनच गोष्टी बदलतात. भाजी आणि फळ्यावरच्या बातम्या. बाकी तीच खाट, तीच खिडकी आणि पलीकडच्या खोलीतला तोच खोकला. भाजी आमची स्वयंपाकीण सुलाबाई बदलते, बातम्या मी.

मी चंद्राबाई. औंधला शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. सांगली-तासगाव रस्त्यावरच्या या वृद्धाश्रमात आले तेव्हा ट्रंकेत चार लुगडी आणि खडूची एक पेटी होती. जेवणघराच्या भिंतीवर फळा होता आणि त्यावर कुणीतरी केव्हातरी लिहिलेलं 'सुस्वागतम्' तसंच होतं. ते मी पहिल्याच दिवशी पुसलं. तेव्हापासून रोज सकाळी सातला फळा लिहिते. 'बनुबाईंच्या नातवाला एसटीत नोकरी लागली.' 'मोरीचा नळ अखेर दुरुस्त झाला. अकरा दिवस लागले.' 'सयाजीराव यांनी काल दाढी केली.' आम्ही अठ्ठावीस म्हातारी माणसं काठ्या टेकत फळ्यापाशी जमतो. ज्यांना दिसत नाही त्यांना मी वाचून दाखवते. आपलं नाव फळ्यावर आलं की माणूस दिवसभर खुशीत असतो.

माझ्या खोलीत दुसऱ्या खाटेवर कस्तुरीबाई. जैन शेतकऱ्याघरची बाई, वय चौऱ्याहत्तर. सूर्य मावळल्यावर तोंडात अन्नाचा कण नाही, हा तिचा नेम. लग्न होऊन सासरी आली त्या दिवसापासूनचा. नवरा गेला, जमीन पुतण्याकडे गेली, शेवटी पुतण्यानं तिला टांग्यातून आश्रमाच्या फाटकाशी आणून सोडलं. तो स्वतः खालीसुद्धा उतरला नाही. तिच्याजवळ उरला तो एवढा नेम. आधीचे मॅनेजर समजूतदार होते. साडेपाचला सुलाबाई तिला गरम भाकरी-आमटीचं ताट वाढून द्यायची, कुणाची काही तक्रार नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर निकम नावाचे नवे मॅनेजर आले. आयुष्य साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेलेलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं निवृत्त झाले तरी भोंगा त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. आल्या आल्या त्यांनी घंटा टांगली आणि वेळापत्रक लावलं. जेवण सकाळी साडेअकरा, रात्री साडेसात. मधल्या वेळात स्वयंपाकघराला कुलूप. खोलीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, उंदीर होतात.

मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "कस्तुरीबाईंचं काय?"

"बाई, एका माणसासाठी दोनदा चूल पेटवायची? कोळसा मिळतोय कुठं?"

"मग सगळ्यांनाच साडेपाचला वाढा. चूल एकदाच पेटेल."

"संस्थेचे अध्यक्ष साहेब संध्याकाळी फेरीला येतात. त्यांना पंगत बघायला आवडते. साडेसात म्हणजे साडेसात."

म्हणजे आम्ही जेवायचं कधी, तर बघणाऱ्याला सवड असेल तेव्हा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण कस्तुरीबाईनंच माझा पदर ओढला. "ऱ्हाऊ द्या बाई. माझ्या नेमापायी कुणाला तरास नको."

आणि ती उपाशी राहू लागली. दुपारी साडेअकराला जेवायची, तीनला चहा, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत काही नाही. मी एकदा माझ्या वाटणीची भाकरी उशीखाली लपवून ठेवली. निकमांनी खोल्या तपासताना ती काढली आणि सगळ्यांसमोर धरून दाखवली, जशी काही मी चोरीच केली होती. एकतीस वर्षं मी पोरांची दप्तरं तपासली, आता माझी उशी तपासायची पाळी दुसऱ्याची.

महिन्याभरात कस्तुरीबाईच्या दंडावर चोळीच्या बाह्या ढिल्या पडायला लागल्या. डिसेंबरात एका सकाळी ती नळाजवळ घेरी येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पोटात दोन वेळा अन्न गेलंच पाहिजे. निकमांनी त्याचा अर्थ आपल्याला सोयीचा लावला. खाटेपाशी उभं राहून म्हणाले, "आजी, पुढच्या रविवारपासून रात्री पंगतीला बसायचं. नाहीतर मी तुमच्या पुतण्याला पत्र टाकतो, घेऊन जा म्हणून. इथं कुणी उपाशी मेलं तर जबाबदारी माझ्यावर."

ते गेल्यावर कस्तुरीबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नंतर हळूच म्हणाली, "बाई, पुतण्या मला घरात घ्याचा न्हाई वो." मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला.

मी त्या दिवशी फळ्यावर एकच बातमी लिहिली: 'कस्तुरीबाई भुकेने पडल्या.' लोक वाचून पांगले. सयाजीराव मात्र तिथंच उभे राहिले. हा सयाजी मूळचा विट्याकडचा, पलटणीत लांगरी होता, म्हणजे जवानांचा स्वयंपाक करणारा. आश्रमात त्याला सगळे हवालदार म्हणायचे आणि तोही ऐकून घ्यायचा. मुलगा मदुराईला सोनं गाळायच्या दुकानात. कस्तुरीबाईचं आणि त्याचं कधी पटलं नाही. तो जेवताना बुक्कीनं कांदा फोडायचा, ती पदर नाकाला लावून उठून जायची.

"बाई, ही बातमी खरी हाय?" त्यानं विचारलं.

"मी खोटं लिहीत नाही."

"पलटणीत ज्येला जे चालतं ते त्येच्या ताटात पडायचं. साहेबाची घंटा नंतर." एवढं बोलून तो निघून गेला.

संध्याकाळी पाचला कडुलिंबाखाली तीन दगड मांडून सयाजीनं चूल पेटवली. पातेलं कुठून आणलं, कुणी विचारलं नाही. सुलाबाईनं कुंपणावरून पीठ, तेल आणि पिशवीभर बटाटे दिले. भाकऱ्या त्यानं अशा थापल्या की मीसुद्धा बघत राहिले. ताट घेऊन तो कस्तुरीबाईसमोर बसला. तिनं भाकरी घेतली, भाजी बाजूला सारली.

"का? कांदा न्हाई, लसूण न्हाई. काय खोट हाय?"

"बटाटा जमिनीखालचा, दादा. मी खात न्हाई."

सयाजी तांबडालाल झाला. पण उठला, चुलीवर बेसन घोटलं आणि पिठलं आणून ठेवलं. दोन दिवसांनी त्यानं मोठ्या हौसेनं मेथीची भाजी केली. ती पुन्हा बाजूला. त्या दिवशी होती चतुर्दशी, आणि चतुर्दशीला तिला हिरवी भाजी चालत नाही.

"आक्का, तुमच्यापरास शत्रूचं सैन्य बरं! त्येला काय चालत न्हाई ते तरी आधी कळतंय." कस्तुरीबाई हसली. चार वर्षांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग सयाजी माझ्याकडे वळला. "बाई, उद्यापासनं फळ्यावर तिथी लिवायची. आणि सूर्य कवा बुडतोय त्ये बी."

पंचांग माझ्याजवळ होतंच. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात वर लिहिलं: 'आज पौर्णिमा. सूर्यास्त सहा वाजून सात मिनिटे.' लोक मनगटं वर करून घड्याळं जुळवायला लागले. साडेपाच वाजले की कुणी ना कुणी कडुलिंबाखाली जाऊन बसायचं, आक्काला सोबत म्हणून.

शनिवारी निकमांनी ते सगळं पाहिलं. आधी फळा पुसला. खडूची पेटी उचलून कपाटात ठेवली. मग बादली आणून चुलीत ओतली. भाकरी अर्धी भाजली होती, ती राखेत पडली. सयाजी उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या पण त्यानं हात पाठीमागं नेऊन एकमेकांत धरले.

"उद्या अध्यक्ष येणार आहेत," निकम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घंटेशिवाय जो जेवेल त्याचं नाव रजिस्टरातून कमी. सयाजीराव, तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे."

त्या संध्याकाळी कस्तुरीबाई पुन्हा उपाशी राहिली.

रविवारी सकाळी मी चुन्याची डबी घेतली. पान खाणाऱ्या बनुबाईनं ती आपणहून दिली. बोट चुन्यात बुडवून मी फळ्यावर लिहिलं, अक्षर एक वीत उंचीचं: 'सूर्यास्त सहा वाजून आठ मिनिटे. आज सगळे साडेपाचला जेवणार.' खाली माझं नाव घातलं. सयाजीनं आपलं लिहिलं. मग एकेक जण येऊ लागला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी चुन्यात अंगठा बुडवून उठवला.

सगळेच काही शूर नव्हते. बनुबाई म्हणाली, "साडेपाचला जेवलं तर रातीला भूक लागंल की गं."

"लागू दे," सयाजी म्हणाला. "आक्काला म्हैनाभर लागली, तवा आपुन ढेकर देत हुतो."

बनुबाईनं अंगठा उठवला. अठ्ठावीस झाले. निकमांनी फडक्यानं घासून पाहिलं, पण वाळलेला चुना निघेना.

प्रश्न होता स्वयंपाकाचा. चूल विझलेली, स्वयंपाकघराला कुलूप. पाच वाजता आम्ही आपापली ताटं घेऊन जेवणघरात जाऊन बसलो, तर आतून धूर येत होता. सुलाबाई दारात आली. "किल्ली माझ्या कमरंला असती, साहेबाच्या न्हाई," ती म्हणाली. निकम अध्यक्षांना आणायला बस-स्टँडवर गेले होते. आमटी, भात, भाकरी आणि वांग्याची कोरडी भाजी. सहाला पाच मिनिटं कमी असताना कस्तुरीबाईनं ताटाला हात जोडले आणि पाणी प्यायली.

साडेसातला घंटा झाली. आम्ही सगळे पुन्हा पंगतीला बसलो, ताटं पालथी घालून. अध्यक्ष आत आले, ऊसवाले बागाईतदार, अंगानं दांडगे. पालथ्या ताटांच्या दोन रांगा बघून थबकले.

"काय रं निकम? समदी आजारी पडली काय?"

"साहेब, हे चोरून जेवलेत. यांची नावं…"

"चोरून नाही," मी उभी राहिले. "फळ्यावर लिहून जेवलोय. नावं मागे आहेत, मोजून घ्या."

अध्यक्षांनी फळा वाचला. अंगठे बघितले. मी सगळं सांगितलं, उशीखालच्या भाकरीपासून नळाजवळच्या घेरीपर्यंत. त्यांनी कपाळाला आठी घातली. "बाई, संस्थेला शिस्त पायजे. एकीच्या नेमासाठी सगळ्यांनी नियम मोडायचा, हे काय बरं न्हवं. हा सयाजी पुढारी दिसतोय. ह्येला आदी घरी धाडा, मग बाकीचं बघू."

तेवढ्यात शेवटच्या ताटाचा आवाज आला. कस्तुरीबाईनं आपलं ताट सुलटं केलं होतं.

"दादाला घालवू नगासा," ती म्हणाली. "मी नेम सोडते. वाढ, सुला."

अठ्ठावन्न वर्षांचा नेम. मला वाटलं धावत जावं आणि तिचा हात धरावा. सयाजीनं मान खाली घातली होती. निकमांच्या तोंडावर समाधान पसरलं आणि ते सुलाबाईकडे वळले. "ऐकलं ना? वाढा."

सुलाबाई डाव घेऊन उभी होती. तिचा नवरा गेलेला, घरी दोन मुली, पगार एवढाच. तिनं आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"न्हाई वाढणार," ती म्हणाली. "दिस बुडालाय, आक्का. ताट पालथं घाला."

"सुलाबाई, नोकरी…" निकम म्हणाले.

तिनं डाव झाकणावर ठेवला आणि कमरेची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "ही घ्या. तुमीच वाढा. वाढतासा का? चौऱ्याहत्तर वर्साच्या बाईच्या तोंडात, तिचं व्रत मोडून?"

निकमांचा हात पुढे आला नाही. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनीही किल्लीकडे पाहिलं, मग कस्तुरीबाईच्या रिकाम्या ताटाकडे, आणि खाकरले. "बघू. संस्थेच्या मंडळापुढं ठिवू विषय. मंडळ ठरवंल." आणि पंगत न बघताच निघून गेले.

सयाजी उठला, कस्तुरीबाईपाशी गेला आणि दोन्ही हातांनी तिचं ताट पालथं घातलं. "आक्का, परत आसं करायचं न्हाई," तो म्हणाला. "माझ्या पायी तर आजिबात न्हाई." ती पदरात तोंड घालून रडली. बनुबाई तिची पाठ चोळत बसली आणि रात्री भूक लागल्याची तक्रार तिनं केली नाही.

मंडळाची सभा अजून व्हायची आहे. सयाजी इथंच आहे, किल्ली सुलाबाईच्याच कमरेला आहे. खडूची पेटी निकमांनी एका सकाळी न बोलता फळ्याखाली आणून ठेवली, पण मी चुन्यानंच लिहिते. तो पुसायला कष्ट पडतात. आजचा फळा असा आहे: 'अष्टमी, हिरवी भाजी नाही. सूर्यास्त सहा वाजून सोळा मिनिटे. जेवण साडेपाच. मंडळाचा निर्णय झाला की आमचा निर्णय मंडळाला कळवू.'

काल कस्तुरीबाईनं दुसरी भाकरी मागून घेतली. तीही बातमी मी लिहिली.