पाणी दिले नाही

वाचकांस आरंभीच नम्रपणे विदित करतो, की पुढील हकीकतीत कोणी थोर पुरुष नाही. मोटारीच्या स्प्रिंगा कापून मोटार जमिनीजवळ आणून देणारा शिरूरचा एक कारागीर, आणि त्याच्या धंद्यातील एका शब्दाचा अर्थ विचारून न घेतल्यामुळे त्याच्यावर झालेला अन्याय, एवढाच या कथेचा विषय आहे. वाचताना आपणांस संताप आला तर तो आवरू नये, अशी विनंती आहे.

“ए टेळे, कर सही,” असे म्हणून हवालदार आनंदराव यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

वरवंडच्या बाजूला, सोलापूर रस्त्यालगतच्या पोलीस चौकीतील ती भर दुपार होती. साल दोन हजार तीन, महिना मार्च. ज्यांना ‘ए टेळे’ म्हटले गेले त्या खंडू टेळे यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते आणि शिरूर तालुक्यात लहानथोर सगळे त्यांना खंडूमामा म्हणत. मामांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, त्याची दोरी कानामागे अडकवली आणि कागद हातात घेतला.

“वाचतो की सायेब आधी.”

“त्यात वाचायचं काय? तू बोललास, म्या लिव्हलं.”

मामांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. ते एकेका अक्षराखालून बोट नेत वाचत. तिसऱ्या ओळीवर बोट थांबले. तेथे लिहिले होते : ‘सदर मोटारीची स्प्रिंग मीच कापली असून, कापल्यानंतर तिला मी पाणी दिले नाही, हे मला कबूल आहे.’

मामांनी बोट मागे नेले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

आता हे वाक्य किती भयंकर आहे हे कळण्यासाठी ‘पाणी’ म्हणजे काय हे सांगणे अगत्याचे आहे. स्प्रिंग घडवताना पोलाद लाल तापवून तेलात बुडवतात. त्यामुळे त्याच्या अंगी जो कणखरपणा येतो त्याला कारागीर ‘पाणी’ म्हणतात. बुडवतात तेलात, पण म्हणायचे पाणीच. त्याच पोलादाला पुन्हा जाळ लागला की कणखरपणा जातो. त्याला पाणी उतरणे म्हणतात. असे पोलाद दिसायला तेच असते, परंतु ओझे पडले की दगा देते. मामांचे वडील मेंढरांमागे मुलूखभर हिंडले. मामांनी मात्र काठी सोडून हातोडा धरला, आणि नगर रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये सव्वीस वर्षे मोटारींच्या स्प्रिंगा व ट्रकचे पाटे यांचेच काम केले. या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातची एकही स्प्रिंग तुटून परत आली नव्हती. त्यांच्यापाशी दुसरी मिळकत म्हणावी अशी नव्हतीच.

या प्रकरणाची सुरुवात जानेवारीत झाली. कारेगावात खोली घेऊन राहणारा आणि तेथील कारखान्यात कंत्राटदाराकडून कामाला असणारा विनोद नावाचा तरुण आपली जुनी मारुती घेऊन शेडपाशी आला.

“मामा, गाडी लो करायची हाय.”

“म्हंजी?”

“खाली घ्यायची. रोडला चिकटल्यावानी दिसली पायजे. पुण्यात तयार स्प्रिंगा मिळत्यात, पर माझे दोन पगार जात्याल त्यात.”

“आरं, लोक गाडी वर घ्यायला माझ्याकडं येत्यात. उसाच्या रानात घालायची म्हणत्यात. तू येगळाच निघालास.”

“मला कुठं उसात न्यायचीय, मामा? रविवारी घरी न्यायची, बास.”

मामांना हसू आले. त्यांना त्या पोराची हौस आवडली. त्यांनी चारही स्प्रिंगा उतरवल्या, खडूने खूण केली, आणि एकेकीचा एकच वेढा हॅक्सॉ करवतीने कापायला घेतला. पोलाद तापू नये म्हणून थेंब थेंब तेल सोडीत, थांबत, पुन्हा कापीत. स्प्रिंगचे पोलाद हॅक्सॉला सहजी दाद देत नाही. त्या दिवशी सात पाती बोथट झाली.

“मामा, गॅसनं धा मिन्टात व्हतं की,” विनोद कंटाळून म्हणाला.

“व्हतं. आन् पाणी उतरतं. म्हणून तर म्या शेडात गॅसची टाकीच ठेवली न्हाई. टाकी दिसली की हात जातो तिकडं.”

सायंकाळी गाडी तयार झाली. मामांच्या पत्नी चांगुणाबाई जेवणाचा रिकामा डबा न्यायला आल्या होत्या. त्यांनी गाडीकडे वाकून पाहिले.

“अवं, ही गाडी बसली का हिला बसवली?”

“बसवली. बसली असती तर गिऱ्हाईक रडलं असतं. ह्ये बघ कसं हसतंय.”

विनोद खरोखरच हसत होता. परंतु आठच दिवसांनी तो परत आला. मित्रांनी चिडवले होते, की गाडी लो झालेली दिसतच नाही. त्याला आणखी दोन बोटे खाली हवी होती.

“आता न्हाई,” मामा म्हणाले. “ह्याच्या खाली गेलास तर स्प्रिंग तिच्या बसायच्या वाटीत टिकणार न्हाई. वर घ्या म्हणलास तर मूळच्या मापाच्या दुसऱ्या चारी स्प्रिंगा घालून दीन. खाली न्हाई.”

विनोद गाल फुगवून निघून गेला. तेथून तो दौंडला मल्हारशेठच्या गॅरेजात गेला. तेथे गॅसचा जाळ लावून चारही स्प्रिंगांचा आणखी एकेक वेढा चहा येईपर्यंत कापून झाला. तीन आठवड्यांनी वरवंडजवळ पुढची एक स्प्रिंग मोडली, गाडी एका अंगाला ओढली गेली, आणि सायकलवरून भाजीच्या पाट्या नेणाऱ्या संपतला तिने उडवले. संपतचा पाय मोडला.

चौकीत विनोदने स्प्रिंग कापणारा म्हणून एकच नाव सांगितले, खंडू टेळे. दौंडचा त्याने उच्चार केला नाही. कारण तो ज्या कंत्राटदाराकडे कामाला होता, तो मल्हारशेठचा मेहुणा होता, आणि हे सारे मामांच्याही कानावर आले होते.

मामांनी कागद खाली ठेवला. “सायेब, ह्ये म्या असं बोललो न्हाई.”

“पाणी दिलं न्हाई, असं म्हणालास का न्हाई?”

“म्हणालो.”

“झालं तर मग.”

“पर का दिलं न्हाई त्ये बी सांगितलं की! म्या जाळ लावलाच न्हाई, तर पाणी उतरंल कशानं? आन् उतरलंच न्हाई, तर पुन्यांदा द्यायचं कशाला?”

“उतरलं, चढलं!” हवालदारांनी शेजारच्या शिपायाकडे पाहिले. “ती स्प्रिंग हाय का इहीर?”

शिपाई खो खो हसला.

वाचकहो, हे हसणे मला आजही सहन होत नाही. डॉक्टर एखादा शब्द बोलला तर हेच हवालदार त्याचे स्पेलिंग विचारून घेतात. वकील बोलला तर मान डोलावतात. मग ज्याच्या कामाच्या भरवशावर माणसे गाडीत बसतात, त्याचा शब्द तेवढा विनोदाचा का व्हावा? ‘पाणी म्हणजे काय हो?’ एवढे विचारायला किती वेळ लागला असता?

कोपऱ्यात मोडकी स्प्रिंग दोरीने चिठ्ठी बांधून ठेवलेली होती. मामा उठले. रस्त्यापलीकडच्या सायकल दुकानातून त्यांनी एक कानस मागून आणली आणि स्प्रिंगपाशी उकिडवे बसले.

“ए, मुद्देमालाला हात लावू नगंस!”

“मोडलीया ती सायेब. आता आनखी काय मोडायची?”

कापलेल्या टोकापाशी जाळाचा निळा-काळा डाग होता आणि वितळलेल्या लोखंडाचे थेंब गोठलेले होते. टोकापासून चार बोटांवर मामांनी कानस घासली. कानस पोलादात शिरली, लोखंडाचा भुसा पडला. मग मधल्या वेढ्यावर घासली. कानस काचेवरून जावी तशी घसरली.

“हितं खातीय, आन् तितं घसरतीय,” बाकावरून आवाज आला. प्लॅस्टर घातलेला पाय पुढे ताणून बसलेला संपत ते पाहत होता. त्याला आणि विनोदलाही त्या दिवशी जबाबासाठी बोलावले होते. “बघू मला.”

मामांनी स्प्रिंग उचलून त्याच्या मांडीशी धरली. संपतने स्वतः कानस चालवली, एकदा येथे, एकदा तेथे. मग त्याने बोटाला लागलेला भुसा अंगठ्याने चोळून पाहिला.

“हितं मऊ पडलीया. जाळलीया ही.”

“व्हय. आन् जाळ माझ्याकडं न्हाई.” मामा दाराशी उभ्या असलेल्या विनोदकडे वळले. “इनोद, माझ्या शेडात गॅसची टाकी कवा बघितलीस का?”

विनोद बुटांकडे पाहू लागला.

“तुझी नोकरी जाईल, त्ये कळतंय मला. पर सायबांनी इचारलं न्हाई, म्या इचारतोय. बघितलीस का?”

“न्हाई, मामा.” हे त्याने इतके हळू सांगितले, की ते मामांना आणि संपतलाच ऐकू गेले.

“सायबांकडं तोंड करून सांग.”

विनोदने मान वर केली नाही. तो वळून दाराबाहेर गेला.

“चला, झाला तमाशा,” हवालदार म्हणाले. “ह्ये समदं कोर्टात सांग. कागदाला नंबर पडलाय. चार वाजता वरचे सायेब त्यो न्यायला येत्याल.”

“मग खाली एक वळ लिव्हा. टोकाला गॅसचा डाग हाय.”

“पंचनाम्यात डाग न्हाई.”

“पंचनाम्यात न्हाई, स्प्रिंगवर हाय!” मामांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “डोळ्याम्होरं हाय, सायेब! ह्या गड्याचा पाय मोडला. त्येला तरी खरं काय त्ये कळू द्या का न्हाई?”

“आवाज खाली! सही कर, न्हाईतर दुकानाला टाळं लागंल तुझ्या.”

मामांनी कानसेवरचा भुसा धोतराच्या सोग्याला पुसला.

“लागू द्या. टाळं लागलं तर लोक म्हणत्याल, खंडूचं दुकान बंद पाडलं. सही केली तर म्हणत्याल, खंडूनं काम बिघडवलं. पयलं चालंल मला. दुसरं न्हाई चालायचं.”

मग हवालदारांनी कागद ओढून घेतला, तळाशी खरडून काही लिहिले आणि म्हणाले, “जा. काय व्हायचं त्ये व्हईल.”

“काय लिव्हलं, सायेब?”

“तुला काय करायचंय?”

“माझ्या नावानं लिव्हलंय. वाचतो.”

हवालदारांनी कंटाळून कागद फिरवला. मामांनी चष्मा सावरला, अक्षरांखालून सावकाश बोट नेले. ‘खंडू टेळे, रा. शिरूर, यांनी सही करण्यास नकार दिला.’

“ह्ये बराबर लिव्हलंय,” मामा म्हणाले, आणि कानस परत करायला निघाले.

चौकीच्या आवारात कुबडीचा आवाज मागून आला. संपत होता. त्याने कुंपणाला टेकवलेल्या आपल्या सायकलीकडे बोट दाखवले. पुढचे चाक दुमडले होते, कॅरिअर तिरपे झाले होते.

“मामा, पंचनामा झाला, घिऊन जा म्हणत्यात. हितला दुकानवाला म्हणतो, भंगारात घाल.”

मामांनी चाक हाताने फिरवून पाहिले. ते चाक धरणाऱ्या पुढच्या काट्याला अडकले.

“काटा सरळ व्हईल. थंडाच ठोकतो. पर ठोकायला वेळ लागंल, आन् दुकान किती दिस उघडं ऱ्हाईल त्ये मला सांगता यायचं न्हाई.”

“लागू द्या वेळ. मला बी दोन म्हयने चालता यायचं न्हाई.”

दौंड-शिरूर एस.टी. आली तेव्हा उन्हे कलली होती. मामांनी सायकल शिडीवरून टपावर चढवली आणि आपल्या मुंडाशाच्या कापडाने बांधली. उघड्या डोक्याने ते खिडकीपाशी येऊन बसले. न्हावऱ्याच्या पुढे वाहक तिकिटे फाडीत त्यांच्यापाशी आला.

“टपावरची मोडकी सायकल कुणाची? तुमची का?”

“न्हाई,” खंडूमामा म्हणाले. “गिऱ्हाइकाची.”

आपण वेळ काढून ही हकीकत शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लेखनात चूकभूल झाली असल्यास क्षमा असावी.

आपला नम्र,
जयसिंग बबन गडदे
मु. पो. निमोणे, ता. शिरूर