हत्तीच्या पानाकडे जायची वाट

मी एक जुनी वेबसाइट आहे, मित्रांनो! जुनी म्हणजे अगदी मोडीत निघालेली नव्हे हं. पण हल्ली माझ्याकडे येतं कोण?

माझा जन्म खेळणी दुरुस्त करणाऱ्या एका आत्याच्या दुकानातला. तिच्या भाचीने, म्हणजे चिमणीने, बाहुल्यांचे डोळे, सुटी चाकं आणि कापसाच्या पसाऱ्यात बसून मला घडवलं. ती एका बाहुलीची सगळी हकिगत एकाच पानावर ओतायला निघाली, तशी आत्या म्हणाली, "अगं बाई, सगळं एका दमात सांगितलंस तर पुढे बसेल कोण? बाहुलीचं पोट उघडलं, इथे थांब!"

चिमणी थांबली आणि तिने खाली 'पुढे' असं बटण लावलं. काय सांगू! पोटात काय सापडलं ते बघायला आलेली माणसं तिथून चाक निखळलेल्या गाडीकडे, गाडीवरून मुक्या झालेल्या पोपटाकडे जायची. चहा निवला तरी उठायची नाहीत! मी पटकन उघडायचे, मोजकं बोलायचे आणि पुढची वाट दाखवायचे. बस्स, एवढंच.

आत्याचा जीव मात्र एकाच पानात होता. एका लहान मुलीने कान फाटलेला कापडी हत्ती दुरुस्तीला दिला होता. "नीट शिवा हं, त्याला दुखतं," असं बजावून ती गेली, आणि तिचं बिऱ्हाड अचानक दुसऱ्या गावी हललं. चिमणीने त्याचं पान केलं : 'हा हत्ती तुमचा का?'

मग चिमणी शिकायला दूर गेली. तिच्या दादाने मला पाहून नाक मुरडलं. "आत्या, हा काय अवतार! थांब, नटवतो हिला." हलती चित्रं, गाणं, दारातच तोंडावर येणारी स्वागताची खिडकी! मीसुद्धा आधी भारी खूश झाले, बरं का. पण मी उघडेपर्यंत पाहुणे कंटाळून जाऊ लागले. आणि या गडबडीत हत्तीकडे नेणारं बटणच निघून गेलं. पान माझ्या पोटात आहे, मित्रांनो, पण तिथे जायला वाट नाही.

परवा कुणीतरी आलं. खिडकी बाजूला सारली, गाणं बंद केलं. बाहुल्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट प्राण्यांत शिरलं. ससा, अस्वल, पोपट. पुन्हा ससा, अस्वल, पोपट. इतका वेळ माझ्याकडे कित्येक दिवसांत कुणी थांबलं नव्हतं. ही हत्तीवाली मुलगीच असणार! मला ओरडावंसं वाटलं, "अगं, इथेच आहे तो! कान शिवलाय त्याचा!" पण मला तोंड कुठलं?

ती निघून गेली.

नंतर आत्याने मला उघडून ठेवून चिमणीला फोन लावला. "चिमणे, हत्तीसाठी कुणी आलं होतं का गं?"

"नाही गं आत्या. आलं असतं तर त्या पानावरून मला निरोप आला नसता का?"

आत्याने फोन ठेवला आणि मला बंद केलं.

मित्रांनो, तुम्ही कधी माझ्यासारखी एखादी घडवलीत, तर हवी तेवढी नटवा. पण अधूनमधून स्वतः पाहुण्यासारखं आत या आणि प्रत्येक पानापर्यंत पोचता येतं का बघा. आणि कुणीतरी दादाला सांगा हो, ती मुलगी कायमची कंटाळायच्या आत हत्तीचं एवढं एक बटण लाव म्हणावं.