नरसिंहाच्या कमरेचा दोर

मी एक जुना दोर आहे. तागाचा, तीन पेडांचा, बारा हात लांब. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. पण मित्रांनो, मी साक्षात नरसिंहाला आवरून धरलं आहे.

माझा जन्मच मार खाऊन झाला. मला मुळासकट उपटलं, पाण्यात कुजवलं, दगडावर बडवलं, आणि उरलेल्या धाग्यांना पीळ पीळ पिळलं. हे सगळं केलं ते मी ज्या घरात राहतो तिथल्या आजोबांनी. ते देवळापुढे नरसिंहाचं नृत्य करत. त्यात नरसिंह खांब फोडून बाहेर येतो आणि हिरण्यकश्यपूचं पोट फाडतो. ज्याच्या तोंडावर लाकडी मुखवटा चढतो त्याच्या अंगात देव येतो, अशी त्या घराची श्रद्धा. आणि अंगात आलेल्या देवाला समोर राक्षस आहे की घरचा माणूस, हे कसं कळणार? म्हणून मला नाचणाऱ्याच्या कमरेला बांधायचं आणि एकाने मागे घट्ट धरून उभं राहायचं. धरणाऱ्याने बोलायचं नाही आणि सोडायचं नाही, एवढे दोनच नियम.

आजोबांनी देश सोडला तेव्हा मुखवटा, पत्र्याची नखं आणि मी, असे आम्ही तिघे एका ट्रंकेतून समुद्रापार आलो. इथे देऊळ नव्हतं. गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यावरचा एक हॉल वर्षातून एक दुपार मिळायचा. पहिल्याच वर्षी हॉलच्या रखवालदाराने दारातून पाहिलं, तर एका माणसाला दोराने बांधलेलं, दुसऱ्याच्या पोटातून लाल आतडी निघताहेत आणि शंभरेक माणसं हात जोडून बसली आहेत! त्याने सरळ पोलिसांनाच फोन लावला. ती आतडी म्हणजे लाल कापडाच्या फिती आहेत हे पटवताना आजोबांच्या नाकी नऊ आले. पुढे तोच रखवालदार दर वर्षी पहिल्या रांगेतली खुर्ची अडवून बसायला लागला.

मला धरायची ती आजोबांची मुलगी. आजोबा गेल्यावर मुखवटा त्यांच्या थोरल्या नातवाकडे आला, धाकटा नातू हिरण्यकश्यपू झाला, आणि ती त्या दोघांची आत्या माझं टोक धरून तशीच मागे उभी राहिली. इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून तिची मनगटं पहिलवानासारखी झाली होती. आम्हा दोघांनाच एक गोष्ट ठाऊक होती. देव येतो तेव्हा ओढ सरळ आणि जड असते, विहिरीतून भरली घागर वर यावी तशी. माणूस चिडतो तेव्हा हिसके बसतात.

थोरला एका गोदामात ट्रक भरायचा. एका वर्षी तो तिथून माल बांधायचा नायलॉनचा पट्टा घेऊन आला. "आत्या, हा हत्तीलाही तुटायचा नाही. तो जुना दोर टाक आता." झालं, माझी रवानगी ट्रंकेत झाली. पाच वर्षं मला कुणी ऊन दाखवलं नाही की तेलाचा हात लावला नाही. ट्रंकेत उंदीर शिरला आणि त्याने माझा एक पेड अर्ध्याहून जास्त कुरतडला. मला फार एकटं वाटायचं.

सहाव्या वर्षी पट्टा ट्रकमध्येच राहिला. आत्याने घाईघाईत मला बाहेर काढलं. कुरतडलेली जागा तिला दिसली नाही.

रंग लावता लावता धाकटा म्हणाला, "दादा, हे माझं शेवटचं. पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बघ."

"दुसरं कोण आहे इथे?"

"मग राहू दे. वीस वर्षं तू मारतोयस आणि मी मरतोय. टाळ्या तुला, ओरखडे मला. ऑफिसात विचारतात, हे गळ्यावर काय झालं? काय सांगू त्यांना?"

मरायला कुणी नसेल तर आजोबांचा नाच या देशात संपला, हे तिथे सगळ्यांनाच कळत होतं. थोरल्याने मुखवटा चढवला.

मृदंग चढला. पुठ्ठ्याचा खांब फाडून नरसिंह बाहेर आला आणि मला पहिला हिसका बसला. मग दुसरा. नाचात नरसिंह झेपावतो आणि हात हवेत थांबवतो. थोरल्याने थांबवला नाही. त्याची मूठ धाकट्याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, एक दात निखळून फळ्यांवर घरंगळला. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरल्याने भावाला केस धरून ओढलं, मांडीवर आडवं पाडलं, आणि राक्षसाच्या पोटाला बांधलेल्या गादीवर फिरवायची नखं त्याच्या गळ्यात रोवली. बोथट पत्राही जोर लावला की कातडी फाडतो. धाकट्याचे पाय तडफडायला लागले.

इतकी वर्षं तोंड मिटून उभी असलेली आत्या किंचाळली, "सोड त्याला! हा देव नाही हो, हा आमचाच गाढव आहे!"

तिने मला मनगटाभोवती दोन वेढे दिले, पायरीला टाच रोवली आणि खेचलं. मी तिच्या तळव्यांतून घसरलो, तिची कातडी सोलून माझ्यावर आली. तेवढ्यात कुरतडलेला पेड कडाडून तुटला. मित्रांनो, मी फार घाबरलो. मी तुटलो असतो तर एक भाऊ मेला असता आणि दुसरा खुनी ठरला असता. का, तर पाच वर्षांत मला कुणी उलगडून पाहिलं नाही म्हणून. उरलेल्या दोन पेडांवर मी कसाबसा तगलो. थोरला पाठीवर आपटला. मुखवट्याचा जबडा फुटला आणि आतून त्याचाच घामेजलेला, भेदरलेला चेहरा बाहेर आला. मृदंगवाल्या काकांचे हात थांबले.

"हे मी काय केलं?" थोरला पुटपुटला.

आत्या रक्ताळलेल्या हातांनी त्याच्या कमरेची गाठ सोडायला लागली. धाकट्याने तिला थांबवलं. तो रांगत आला, बाहीला तोंड पुसलं आणि आपण होऊन भावाच्या मांडीवर आडवा झाला.

"मार," तो म्हणाला. "पण नीट मार. आजोबांनी शिकवलं तसं."

फुटक्या मुखवट्याआड थोरला रडत होता. आत्याने माझं टोक पुन्हा धरलं, काकांनी पुन्हा थाप दिली. आणि मला ओढ जाणवली, सरळ आणि जड. एक जरी हिसका बसला असता तरी मी तुटलो असतो. बसला नाही. नखं गादीवरून हलकेच फिरली, लाल फिती बाहेर आल्या, राक्षस मेला. टाळी कुणीच वाजवली नाही. रखवालदार टोपी काढून उभा होता.

धाकट्याच्या ओठाला सहा टाके पडले. चार महिने तो भावाशी बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं. मग एका सकाळी तागाचं भेंडोळं घेऊन तो आत्याच्या दारात आला. थोरला आधीच तिथे मुखवटा सांधत बसला होता. "पेड वळायला दोघं लागतात ना?" धाकटा म्हणाला.

दोघं अंगणात समोरासमोर उभे राहिले. एकाने उजवीकडे पिळायचं, दुसऱ्याने डावीकडे. एकाचा हात सुटला की सगळा पीळ उलगडतो. ते एकमेकांकडे बघत नव्हते. आत्या खुर्चीत बसली होती. तिचे तळवे अजून नीट मिटत नव्हते. "सोडू नका रे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पुढच्या वर्षी धाकटा पुन्हा मरायला उभा राहिला. मला बांधण्याआधी त्याने स्वतः माझा पेड अन् पेड चाचपून पाहिला आणि मगच टोक आत्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, तुम्हीही एवढं करा. आमच्यासारख्या जुन्या वस्तू ट्रंकेत टाकून विसरू नका. अधूनमधून ऊन दाखवा, हात फिरवा. आणि आपल्या माणसाला धरून ठेवायची वेळ आली, तर तळवे सोलले तरी सोडू नका.