कंबर माझी घ्या

“आबा, मागचं दार बंद केल्यावर पादायचं कुठून?”

सृष्टीनं झेंडूच्या सरीत उभं राहून विचारलं. पलीकडच्या सरीत तिची आई सुवर्णा फुलं तोडत होती, तिच्या हातातली पाटी कलंडली. पावसानं झोडपलेलं काळं रान, पायाला चिखलाचे हे एवढाले गोळे, आणि त्या चिखलात उकिडवे बसलेले भिकन आबा. नातीचा प्रश्न ऐकून त्यांनी हातातलं फूल पाटीऐवजी चिखलातच टाकलं.

प्रश्न काही एकट्या सृष्टीचा नव्हता. काल शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं नववीच्या पोरींची बैठक भरली होती, तिथं तो निघाला. निकिता म्हणाली, “वक्तृत्वात पहिली आल्यापास्नं लय उडती ना? मंग दम असंल तर आबालाच इचारून दाखव.” आता पहिला नंबर आल्यापासून सृष्टीचे पाय जमिनीला लागत नव्हते हे खरंच होतं. तिनं पैज घेतली.

पण हा प्रश्न घरातही सगळ्यांच्या घशात अडकलेला होता. आबांना गुदाशयाचा कॅन्सर. पहिलं सबंध वर्ष मूळव्याध म्हणून झाडपाला खाण्यात गेलं. मग नाशिकला गोळ्या झाल्या, अठ्ठावीस दिवस मशीनचे, रेडिएशनचे शेक झाले. आता सोमवारी ऑपरेशनला भरती व्हायचं होतं. खालची वाट कायमची शिवून टाकणार, पोटावर नवीन तोंड काढणार आणि त्यावर जन्मभर पिशवी. डॉक्टरांनी बजावलं होतं, उशीर केला तर दुखणं पुन्हा डोकं वर काढील. आबांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि म्हणाले, “मी जाणार नाय.” सृष्टीचे पप्पा ज्ञानेश अंबडच्या कंपनीत मोठमोठाल्या मशिनी चालवायचे, पण घरात या दुखण्याला ‘ते’ म्हणायचे आणि पिशवीला ‘तसलं’.

“मेले, जीभ हासडीन तुझी!” आई चिखल तुडवत आली. “आजोबाला आसं इचारत्यात व्हय?”

तेवढ्यात आबांचे खांदे हलायला लागले. आईला वाटलं रडतायत. पण आबा हसत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा.

“सुवर्णा, मारू नको तिला. आगं, मला बी हेच इचारायचं व्हतं! डाक्टरीणबाई समोर उभी, तिथं कसं इचारू?”

“मंग सिस्टरला इचारू,” म्हणत सृष्टीनं आईच्या कमरेचा मोबाईल ओढला. पिशवीचं समजावून सांगणाऱ्या सिस्टरनं नंबर दिलेलाच होता. फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं सिस्टर खो खो हसली.

“वारा पिशवीतच येतो, आजोबा. बारीक गाळणी असते, वास बाहेर येत नाही. आवाज मात्र कधीकधी येतो. आणि तो आपल्याला थांबवता येत नाही.”

“म्हंजी ते सोता ठरवनार, कवा बोलायचं?”

“हो. वरून हात दाबून धरला की जरा दबतो.”

फोन बंद झाला आणि आबांचं हसूही मावळलं.

“ऐकलं? मी पंगतीत आमटीची बादली घेऊन फिरनार आन् हे पोटातून बोलनार. चाळीस वर्सं वाढतोय मी गावाला. पोटाला घान बांधून लोकांच्या पत्रावळीवर वाकू? उठून जात्याल मानसं.”

ते पुन्हा फुलं तोडायला लागले. भराभर तोडत होते, कळ्यासुद्धा.

सृष्टी पैज जिंकली होती, पण सांगायला निकिताकडं काही गेली नाही. घरी जाऊन तिनं आबांच्या गादीखाली हात घातला. सिस्टरनं सरावाला दोन पिशव्या दिल्या होत्या. पाणी भरून पोटावर चिकटवा, उठाबसा, वाका, बघा कुठं टोचतं. आबांनी त्या हातसुद्धा न लावता दडपून ठेवल्या होत्या. सृष्टीनं त्यातली एक उचलली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा, पहिल्याच तासाला कवायत. सृष्टीनं पिशवीत पातळ पिठलं भरलं (नुसत्या पाण्यात काय मजा?), बेंबीच्या डाव्या अंगाला चिकटवली, वरून युनिफॉर्म घातला. कवायत झाली. सायकल झाली. निकिताच्या मांडीला मांडी लावून गणिताचा तास झाला, आणि निकिताला कळलं ते एवढंच, की सृष्टी आज सारखी गालात हसतेय.

दुपारी गणपतीचा भंडारा. आबा ओट्यावरून उठेनात. मंडळाची पोरं बोलवायला आली तर म्हणाले, “गुडघे धरल्यात.” सृष्टीनं ओढणी कमरेला खोचली आणि आमटीची बादली स्वतःच उचलली.

पहिल्याच पंगतीत कुसाबाई बसली होती. शेजारीण, पण नाक असं की आळीत कोणाची भाकर करपली ते उंबऱ्यात बसून सांगायची. सृष्टी तिच्यापुढं वाकली. पिशवी पोटावर डुचमळली. कुसाबाईनं वर पाहिलं, श्वास ओढला. सृष्टीच्या हातातली पळी थांबली.

“पोरी,” कुसाबाई म्हणाली, “लसूण मस्त लागलाय गं आमटीला. वाढ आनिक.”

तीन पंगती उठल्या. सृष्टीनं दोनशे पत्रावळींवर आमटी वाढली. शेवटी आबांचा द्रोण भरून ती ओट्यावर आली, त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “आबा, माझ्या पोटाला हात लावा.”

“कशापायी?”

“लावा तर.”

आबांनी हात लावला. पिशवी फताक्कन वाजली. आबांनी हात मागं ओढला.

“काय हे गं हे?”

“तुमची पिशवी. सकाळपास्नं हे. आत पिठलं हे, भरपूर. कवायत केली, सायकल हाणली, सगळ्या गावाला वाढलं. कुसाबाईनं दोनदा मागून घेतली आमटी. उठलं का कोणी?”

आबा हसले, पण या खेपेला हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

“लबाड हायेस. पिशवीचं जाऊ दे बाळा. पिशवी मी बांधली आसती.”

“मंग?”

आबांनी सदरा वर केला. धोतराच्या वर कमरेला काळा करदोडा होता, घामानं भुरका पडलेला. “सिस्टर म्हनली, आपरेशनला आंगावर दोरा नगं. हा काढून या. आगं, मिसरूड नव्हतं तवापास्नं माझी कंबर एक दिस मोकळी नाय. नवा बांधल्याबिगर जुना काढला नाय कधी. मानसाचा करदोडा कवा काढत्यात, म्हायती हे? मेल्यावर. माझ्या बापाचा म्याच तोडला, ह्या हातानं. आन् आता जित्तेपनी सोताचा तोडून त्या टेबलावर झोपू? मंग उठीन का मी?”

म्हणजे एवढे दिवस घरदार पिशवीवरून कुजबुजत होतं, आणि आबा आपले एका दोऱ्याला धरून बसले होते.

ही भीती खोटी आहे असं म्हणायला सृष्टीचे ओठ उघडले. वक्तृत्वाचं अख्खं भाषण तयार होतं, अंधश्रद्धेवरचंच. पण आबांचा अंगठा करदोड्यावरून मागंपुढं फिरत होता, तो बघून तिनं ते गिळलं.

“आबा, करदोडा मोकळा पडायला नको, एवढंच ना? जित्या कंबरेला पायजे?”

“व्हय.”

“मंग कंबर माझी घ्या.”

“आं?”

“तोडायचा नाय. गाठ सोडायची आन् माझ्या कमरेला बांधायची. तुम्ही टेबलावरून उठले की परत न्यायचा. ल्हानपणी मला घुंगराचा बांधला व्हता की तुम्हीच.”

“पोरीची जात, एवढी मोठी झाली...”

“आमटी वाढली तवा बी पोरीचीच जात व्हती.”

आबा नखानं गाठ उकरायला लागले. जुनी गाठ, घामानं घट्ट झालेली. दोघांनी मिळून ती सोडवली. सृष्टीनं कुर्ता वर धरला आणि आबांनी करदोडा तिच्या कमरेला, पिशवीच्या वरून बांधला. सृष्टीला वाटलं होतं दोन वेढे बसतील. तो एकाच वेढ्यात बरोब्बर बसला. कधीकाळी दोन पोती खांद्यावर घेणारे आबा नववीतल्या पोरीएवढे आटले होते, आणि हे तिला आत्ता कळत होतं. तिनं नाक जोरात ओढलं आणि म्हणाली, “घट्ट नका ना बांधू, पिठलं सांडंल.”

आणि नेमकं तेव्हाच पप्पा पहिल्या पाळीहून आले. आई भंडाऱ्यातून बुंदी घेऊन त्यांच्या मागोमाग. ओट्यावर आबा मोकळ्या कमरेनं बसलेले, पोरीच्या कमरेला बाप्याचा करदोडा, त्याखाली पोटावर लोंबणारी पिवळीधमक पिशवी. पप्पांच्या हातातला डबा खाली पडला.

“हे काय तसलं... आबा? सृष्टे, काय हे ते?”

सृष्टी उठली. स्टेजवर उभी राहते तशी पाय जुळवून उभी राहिली.

“पप्पा, आई, नीट ऐका. आबा सोमवारी भरती व्हणार. सोबत मी ऱ्हाणार, शाळेला अर्ज लिवून ठेवलाय. पिशवी बदलायचं सिस्टरकडून मीच शिकणार, मंग तुम्हाला शिकवणार. करदोडा आबा उठेपर्यंत माझ्या कमरेला, कोणी हात लावायचा नाय. ह्या घरात आजपास्नं ‘ते’ आन् ‘तसलं’ बंद, पिशवीला पिशवी म्हणायचं. आन् आबा घरी आल्यावर पिशवीतून पहिला आवाज आला, की कोणी इकडंतिकडं बघायचं नाय. सगळ्यांनी हसायचं. पहिल्यांदा आबांनी.”