हप्ता कोणामुळे वाढला

आमच्याकडे चष्म्याच्या काचा घासतात. कारखाना म्हणायचं म्हणून कारखाना, माणसं अकरा. अकरावी मी, ऑफिसात बसणारी. पगार, रजा, पाणीवाल्याचं बिल आणि सगळ्यांच्या आरोग्य विम्याचे कागद माझ्याकडे. त्यामुळे कोणाला मूतखडा झालाय, कोणाच्या वडिलांची साखर किती, कोणाच्या बायकोचा गर्भ दुसऱ्यांदा पडला, हे सगळं मला ठाऊक असतं. मी कोणाला सांगत नाही. तोंड बंद ठेवणं एवढं एकच काम मला नीट जमतं, अशी माझी समजूत होती.

यंदा विम्याचा हप्ता दीडपट झाला. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि मशीनं बंद करून सगळ्यांना खाली बोलावलं. म्हणाले, गेल्या वर्षी भरले तेवढे मी भरतो, वरचे माझ्याच्याने होणार नाहीत. एक तर दर महिन्याला सगळ्यांच्या पगारातून कापू, नाहीतर घरच्यांची नावं काढू. शुक्रवारपर्यंत ठरवा. मालक वाईट नाहीत. गेल्या वर्षी आमच्या काचा घेणारी दोन मोठी दुकानं हातची गेली, तेव्हापासून तेही ओढूनताणूनच चालवतायत. पण त्यांनी ओझं खाली ठेवलं ते आमच्या पायावर.

हप्ता का वाढला हे एजंटने फोडून सांगितलं. वर्षभरात सगळ्यांनी मिळून दवाखान्यासाठी विम्यातून किती पैसे घेतले, त्यावर पुढचा दर ठरतो. यंदा ते फार झाले. नको तितकं नीट सांगितलं त्याने. सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या.

मास्तर खिडकीपाशी बसून फ्रेममध्ये काचा बसवतात. निम्म्या लोकांना काम त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते दुपारी मान खाली घालून निघतात, तेव्हा सगळे बघतात.

माझ्याकडे मात्र कोणी बघितलं नाही, कारण मी बघूच दिलं नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या छातीतली गाठ काढली. टाके पिकले, परत ऑपरेशन झालं, एकोणीस दिवस पडून होते. मास्तरांच्या बायकोच्या चार महिन्यांपेक्षा माझं एकटीचं बिल दुपटीहून जास्त. एजंटच्या कागदावर तो आकडा होता, नाव नव्हतं. ऑफिसात मी सांगितलं होतं की भाचीच्या बाळंतपणाला गावी जातेय. नवरा जाऊन नऊ वर्षं झालीत माझा. परत आल्यावर दहा पुरुषांनी माझ्या छातीकडे बघून कीव करावी, हे मला नको होतं. या शहाण्यांनी वर्गणी काढून मला बाळासाठी झबलं-टोपडं आणून दिलं. मी ते हसत घेतलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन दिवस कुजबुज चालली. सगळ्यात पुढे पहिलवान. पॉलिशच्या मशीनवर असतो, अंगाने काडी, म्हणून पहिलवान. एकासाठी दहा जणांनी का भरायचं, असं तो म्हणायचा आणि लगेच म्हणायचा की मी कोणाचं नाव घेत नाही. गुरुवारी जेवायच्या सुट्टीत मास्तरांच्या बाकावर त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. रागाने नव्हे, कोणाला त्यांच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. मीही माझा डबा टेबलावरच उघडला.

शुक्रवारी सकाळी मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. हातात नाव वगळण्याचा अर्ज, बायकोचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. आठवड्याच्या तीनच्या जागी दोन वेळा करू, म्हणाले, डॉक्टर म्हणतात कधीकधी चालतं. कुठलाच डॉक्टर असं म्हणाला नसणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"मास्तर, याने काही होणार नाही," मी म्हणाले. "वहिनींचं नाव काढलं तर फक्त त्यांच्या वाट्याचे कमी होतील. दर तोच राहील. तो वहिनींमुळे एवढा वाढलेला नाही."

"मग?"

"माझ्यामुळे."

टेबलावरचा टाचण्यांचा डबा त्यांनी जरा बाजूला सरकवला.

"माहीत आहे, बाई. तुमच्याच दवाखान्यात तपासणीला आलो होतो हिला घेऊन, डायलिसिसच्या आधी. तिसऱ्या मजल्यावर तुम्ही भिंतीला धरून चालत होतात. मी हिला दुसऱ्या जिन्याने नेलं. म्हटलं, तुम्हाला आवडणार नाही."

मला रडू आलं आणि रागही आला. रागच जास्त आला. इतके दिवस सगळ्यांच्या नजरा झेलता, मग बोलला का नाहीत, असं मी त्यांनाच झापलं. चूक माझी आणि आवाजही माझाच चढलेला.

"सांगून काय झालं असतं?" ते म्हणाले. "एकाच्या जागी दोघांकडे बघितलं असतं. आणि खरं सांगू, मी दमलोय. सही करतो, म्हणजे एकदाचं संपेल."

मी अर्ज ओढून घेतला आणि माझ्या खणात टाकून कुलूप लावलं. जेवायच्या सुट्टीत वर गेले. सगळे डबे उघडून बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. गाठ, एकोणीस दिवस, बिल, सगळं. छाती हा शब्द तोंडातून काढायला मला जितकं जड गेलं तितकं ती गाठ काढून घ्यायलाही गेलं नव्हतं. मास्तरांच्या घरचं नाव काढून हप्ता उतरणार नाही, माझं काढूनही नाही, ते पैसे केव्हाच खर्च झालेत, हेही सांगितलं.

मग पहिलवान म्हणाला, "मग ती भाची?"

"आहे ना. तिचं अजून लग्न व्हायचंय."

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. मी कागद फिरवला. पगारातून कापायला ज्यांची हरकत नाही त्यांनी सही करायची होती, आणि अकराच्या अकरा सह्या लागणार होत्या. खुशीने कोणी केली नाही. एकजण तर पेन हातात धरून मुलाच्या क्लासच्या फीबद्दल बराच वेळ बोलत राहिला, पण शेवटी त्यानेही केली. मास्तरांनी केली, मी केली. पहिलवानाने कागद तसाच पुढे सरकवला. विचार करतो म्हणाला. मला वाटलं, आता हा एकटा सगळ्यांना नाचवणार.

पाच वाजता एजंटला यादी पाठवायची होती. पावणेपाचला पहिलवान खाली आला, मागे दार लोटून घेतलं आणि उभाच राहिला. सही करायला आलास का, असं मी विचारलं. त्याने हो म्हटलं, सही केली, पण हलेना. आवाज इतका खाली आला की मला मान पुढे करावी लागली.

तीन महिने थुंकीतून रक्त पडतंय, म्हणाला. आधी वाटलं, पॉलिशच्या भुकटीने घसा सोलला असेल. बायकोला सांगितलेलं नाही. दवाखान्यात जाणार होता, पण तेवढ्यात हप्ता वाढला आणि सगळे मास्तरांकडे कसं बघतात ते त्याने बघितलं. तो स्वतःच सगळ्यात जास्त बघत होता, हेही तोच म्हणाला.

"ताई, मी आता दाखवलं आणि मोठं काही निघालं, तर पुढच्या वर्षी माझ्यामुळे वाढेल का?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण सकाळपासून मी इतकं खरं बोलले होते की आता खोटं बोलायला अंगात त्राण नव्हतं.

"वाढेल," मी म्हणाले. "उद्या सकाळी आठला दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर."

त्याने मान हलवली. जाताना दारात थांबून, वरच्यांना सांगणार नाही ना, असं विचारलं. नाही सांगणार, मी म्हटलं, आणि अकराच्या अकरा नावांची, त्यांच्या घरच्यांसकट, यादी पाठवून दिली.