कमलाक्षीची शीर

“माहेरच्यांनी खोट लपवून पोरगी आमच्या गळ्यात बांधली गे,” कमलाक्षीच्या सासूबाई इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बाईजवळ कुरकुरल्या. त्यांच्या पान चघळत्या तोंडाची शालिनीला किळस आली. शालिनीची ही बहीण समोरच पडली होती, पाय लुळे, बोलायची इच्छाच गेलेली.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदूच्या पुढच्या भागाच्या दोन्ही धमन्या हिच्यात जन्मापासून एकाच बाजूने निघतात. एका गुठळीने दोन्हीकडचं रक्त अडलं. लवकर आणायला हवं होतं. यातलं ‘जन्मापासून’ तेवढं डिचोलीच्या बाजारभर झालं. उशिराबद्दल सगळे गप्प.

“जन्माचीच खोट!” सासूबाईंनी पुन्हा सुरू केलं.

“आई, पुरे,” कमलाक्षीचा नवरा गोकुळदास म्हणाला. “पाय गेले तेव्हा आपण हिला कौल घ्यायला देवळात नेली. देवाच्या मूर्तीला लावलेली कौलाची पाकळी पडेपर्यंत तिथेच बसवून ठेवली.”